बालीत विणकरांचं गाव बघायचंय, तेंगानानला कोणी गेलंय का?

येवल्याची_लेक
नमस्कार मंडळी, जूनमध्ये आम्ही आठ दिवस बालीला चाललोय, मी, नवरा आणि आई. आई ६८ वर्षांची आहे, चालते बऱ्यापैकी पण गुडघे दुखतात. तिचं माहेर येवल्याचं, आजोळी घरात दोन माग होते आणि मामा अजूनही पैठणी विणतो, त्यामुळे बीच क्लब, उंच झोपाळ्यावर बसून फोटो वगैरे गोष्टींत तिला काही रस नाहीये. तिने मला एकच सांगितलंय, "तिकडची माणसं हाताने काय करतात ते बघू, आणि कुणी विणत असेल तर त्याच्याशेजारी मला तासभर बसू दे."

आता टूरवाल्याने कलाकारांची गावं म्हणून जो दिवस आखून दिलाय त्यात सकाळी बातिक, मग चेलुकला चांदीकाम, मासला लाकूड, बातुआनला चित्रं आणि दुपारनंतर उबुदचं मार्केट, म्हणजे एका दिवसात पाच ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी पाऊण तास. हे वाचलं आणि मला येवलाच आठवलं. तिथे पण गाड्या शोरूमसमोर थांबतात, लोक दाराशी मांडलेला एक माग बघतात, साडी घेतात आणि शिर्डीला निघून जातात, मागच्या गल्लीत घराघरात काय चाललंय ते कुणाला दिसतच नाही. आईला घेऊन मला असं नाही करायचं.

तेंगानान नावाच्या गावाबद्दल थोडंसं ऐकलंय की तिथे दुहेरी इकत विणतात. कुणी गेलंय का? उबुदहून किती लांब आहे, घरात बसू देतात का, की तिथेही सगळं दुकानच आहे? आणि विकत घ्यायचं झालं तर साधारण काय अंदाज धरायचा?

बदलापूरचा_भटक्या
आम्ही गेल्या वर्षी हाच पाच गावांचा दिवस केला होता म्हणून सांगतो, नका करू. गावं वाईट नाहीत हो, चेलुकमध्ये चांदीचे बारीक बारीक मणी एकेक करून पत्र्यावर बसवतात ते काम बघण्यासारखंच आहे, पण आम्हाला ते दिसलं जेमतेम दहा मिनिटं आणि उरलेला वेळ शोरूममध्ये गेला. ड्रायव्हर आणि गाईड यांना दुकानातून कमिशन मिळतं हे तिथे सगळ्यांना माहीत असतं आणि ते आपण घेतलेल्या वस्तूच्या किमतीतच धरलेलं असतं. मोठ्या रस्त्यावरची दुकानं बरीचशी अशीच. नंतर एकदा बायको आणि मी उबुदहून स्कूटर घेऊन मासच्या आतल्या गल्लीत सहज गेलो तर प्रत्येक दुसऱ्या घरातून ठोकण्याचा आवाज येत होता, एका अंगणात चार जण मांडी घालून बसलेले, लाकूड पायांच्या तळव्यात धरलेलं आणि छिन्नी चाललेली. तिथे आम्ही दीड तास बसलो, त्यांनी कॉफी दिली आणि कोणी काही विकायला आलं नाही. पूर्ण ट्रिपमधलं आम्हाला तेच जास्त लक्षात राहिलंय. तेंगानानला मात्र गेलो नाही.

ताणाबाणा
ताई, तुमचा प्रश्न वाचून लगेच लॉगिन केलं. मी सोलापूरची, आमच्याकडे आजोबांपर्यंत हातमाग होते, आणि मी स्वतः तेंगानानला दोनदा जाऊन आलेय, दुसऱ्यांदा तर समुद्रकाठच्या चांदिदासाला तीन दिवस राहून रोज सकाळी तिथे जात होते. तुमच्या आईंना दुसरं काही नाही दाखवलंत तरी चालेल पण हे गाव दाखवाच.

आधी गाव. पूर्ण नाव तेंगानान पेग्रिंगसिंगान, पूर्व बालीत कारांगासेम जिल्ह्यात, चांदिदासापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटं आत. उबुदहून दीड तास धरा. इथले लोक बाली आगा, म्हणजे जावाहून माजापाहित राज्याचे लोक बालीत यायच्या आधीपासूनचे मूळ बालीवासी समजले जातात आणि त्यांचं दैवत इंद्र आहे. हो, आपला इंद्र, ज्याची आपल्याकडे आता फारशी कुणी पूजा करत नाही, तो तिथे अख्ख्या गावाचा देव आहे. आणि गावाच्या जमिनीची जी गोष्ट सांगतात तीही घोड्याची. राजाचा आवडता घोडा हरवला, नाव ओंचेस्रवा, हा आपला उच्चैःश्रवाच, इंद्राचा घोडा, नाव कुठून कुठे गेलंय बघा. ह्या लोकांना तो मेलेला सापडला आणि राजाने बक्षीस म्हणून सांगितलं की मढ्याचा वास जिथवर येईल तिथवरची जमीन तुमची. मग राजाचा माणूस वास घेत घेत चालत सुटला, कितीही लांब गेला तरी वास येतच होता, कारण गावच्या म्होरक्याने त्याच मांसाचा तुकडा कपड्यात लपवून आणला होता आणि तो त्याच्याबरोबर चालत होता. ही गोष्ट मला एका म्हाताऱ्या आजोबांनी मोडक्या इंग्लिशमध्ये अर्धा तास हसत हसत सांगितली.

आता कापड. त्याला म्हणतात गरिंगसिंग. गरिंग म्हणजे आजारपण आणि सिंग म्हणजे नाही, म्हणजे हे कापड अंगावर असलं की रोगराई, वाईट काही जवळ येत नाही अशी श्रद्धा. बालीभर लोक दात घासायच्या विधीत (तिकडे वयात आल्यावर सुळे घासून सपाट करतात, मोठा संस्कार असतो तो), लग्नात, अंत्यविधीत हे कापड वापरतात. आणि ते बालीत फक्त ह्याच गावात विणलं जातं.

तुमच्या आईंना हे लगेच कळेल म्हणून त्यांच्यासाठी नीट लिहिते. साध्या इकतमध्ये ताणा (उभं सूत) किंवा बाणा (आडवं सूत), दोन्हीतला एकच गाठी बांधून रंगवतात. दुहेरीत दोन्ही. म्हणजे मागावर चढायच्या आधीच उभ्या सुतावर पण नक्षी आहे आणि आडव्या सुतावर पण, आणि विणताना दोन्ही एकमेकांवर बरोब्बर बसल्या पाहिजेत, एक धागा सरकला की फूल फिसकटलं. असं काम जगात फार थोड्या ठिकाणी उरलंय, आपल्याकडे पाटणचा पटोला, तेलंगणातला तेलिया रुमाल वगैरे, जपानमध्ये थोडं, आणि हे एवढंसं गाव. पटोला रेशमी, हे मात्र सुती आणि सूत हाताने कातलेलं.

रंगायच्या आधी सूत कँडलनटच्या, म्हणजे तिकडे केमिरी म्हणतात त्या बियांच्या तेलात आणि राखेच्या पाण्यात महिनाभराहून जास्त मुरवतात, नाहीतर लाल रंग धरतच नाही. मग बांधणी. मग निळा, पण गंमत म्हणजे निळीचं काम गावात करत नाहीत, परंपरेने ते निषिद्ध आहे, त्यामुळे सूत शेजारच्या बुगबुग गावी जातं आणि रंगून परत येतं. मग काही गाठी सोडायच्या आणि लाल द्यायचा. हा लाल येतो नोनीच्या जातीच्या मुळाच्या सालीतून, आपण ज्याला आल किंवा बारतोंडी म्हणतो त्याच कुळातलं झाड, आणि ते मूळ मुख्यतः समोरच्या नुसा पेनिदा बेटावरून आणतात. लाल एकदा देऊन होत नाही, पुन्हा पुन्हा बुडवायचं, मधे महिनोन्महिने सूत तसंच ठेवून द्यायचं. निळ्यावर लाल चढला की जवळजवळ काळा दिसतो. असे तीनच रंग, पांढरट, लाल आणि काळपट, आणि ते शिव, ब्रह्मा आणि विष्णू असं ते लोक सांगतात. एक चांगलं कापड पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं आरामात लागतात, गडद लाल हवा असेल तर त्याहून जास्त.

माग बघून आई थक्क होतील. आपल्यासारखा खड्डा नाही, पायाने दाबायच्या पावड्या नाहीत. बाई जमिनीवर पाय पसरून बसते, कमरेच्या मागे लाकडी पट्टा, ताणा पुढच्या लाकडाला, आणि स्वतःच्या पाठीने मागे रेलून ताण द्यायचा. पुढे वाकलं की ताणा सैल, मागे रेललं की घट्ट. अख्खं शरीरच मागाचा भाग झालेलं असतं. प्रत्येक दोन-चार आडव्या धाग्यांनंतर ती थांबते आणि टोकदार काडीने एकेक धागा पुढे-मागे सरकवून नक्षी जुळवते. मी बघत होते त्या बाईचं तासाभरात बोटभरसुद्धा विणून झालं नाही. ताणा गोल, न कापलेला असतो, म्हणून तयार कापडसुद्धा नळीसारखं अखंड निघतं, आणि काही विधींना तसं न कापलेलंच लागतं.

आणि ताई, एक गोष्ट मुद्दाम तुमच्यासाठी. पाटणचे पटोला विणणारे साळवी आपली परंपरा सांगताना म्हणतात की १२व्या शतकात राजा कुमारपालाने त्यांच्या पूर्वजांची ७०० कुटुंबं जालन्याहून पाटणला नेली. आपल्या जालन्याहून! पुढे हेच पटोले गुजरातच्या बंदरांतून जहाजांनी इंडोनेशियात गेले, तिथल्या राजघराण्यांनी ते पिढ्यान्पिढ्या पेटीत जपले, आणि तिथल्या अनेक बेटांवरच्या विणकरांनी त्यातली नक्षी उचलली. गरिंगसिंगवर पटोल्याचा किती परिणाम आहे ह्यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत, तंत्र तिथलं स्वतःचंही असू शकतं, आणि मला त्यात कुणाचं श्रेय कुणाला द्यायचं नाहीये. पण तेंगानानच्या एका घराच्या ओट्यावर बसून मी जेव्हा सुतावरच्या गाठी बघितल्या तेव्हा मला वाटलं की ही भाषा मला थोडीशी येते. तुमच्या आईंना तर नक्कीच येईल.

दुकान आहे का, तर हो, बऱ्याच घरांच्या पुढच्या खोलीत विकायला मांडलेलं असतं. पण घर आणि दुकान एकच असल्यामुळे विणणारी तिथेच मागे बसलेली असते. पहिल्या वेळी मला पण ड्रायव्हरने आधी रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात नेलं आणि म्हणाला हेच ते गाव. तिथे दोन मुली मागावर बसवलेल्या, गिऱ्हाईक आलं की हात चालायचे, गेलं की मोबाईल. मला फार वाईट वाटलं, त्या मुलींसाठी पण. त्यामुळे ड्रायव्हरला निघतानाच स्पष्ट सांगा, तेंगानान गावाच्या दारापर्यंत, मधे कुठे नाही, आणि दिवसाचे पैसे ठरलेले द्या म्हणजे त्याचंही नुकसान नाही.

कुडाळकर
ताणाबाणा, सुंदर लिहिलंय. मी फक्त एक गाव ह्यात जोडतो कारण ते वाटेतच आहे, उबुदहून तेंगानानला जाताना क्लुंगकुंग लागतं आणि त्याला लागूनच कमासान. तिथे विणकाम नाही, चित्रं आहेत, पण मी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या शेजारचा माणूस असल्यामुळे मला ते गाव सोडवेना.

पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको, ठाकर मंडळी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत गाऊन सांगतात आणि त्याच घरांत चामड्याच्या बाहुल्यांचाही खेळ असतो, २०२१ साली परशुराम गंगावणे यांना ह्याच कामासाठी पद्मश्री मिळाली. आता कमासान बघा. तिथली चित्रं म्हणजे सावल्यांच्या खेळातल्या चामडी बाहुल्याच कापडावर उतरवलेल्या, म्हणून शैलीचं नावच वायांग. भीम, अर्जुन, द्रौपदी, सगळे. मी पहिल्यांदा एका घरात शिरलो, भिंतीवर कापड, आणि कुणी काही सांगायच्या आधी मी बोट दाखवून म्हणालो भीमा, आणि तो चित्रकार खुर्चीतून उठलाच. भाषा काही येत नव्हती पण पुढचा अर्धा तास आम्ही दोघं नुसती नावं घेत होतो, तो एक दाखवणार मी नाव सांगणार, मी अडलो ते फक्त त्यांच्या सेवकांपाशी, ट्वालेन, मर्दाह, देलेम, सांगुत, हे चौघे आपल्या महाभारतात नाहीतच, ते त्यांचे स्वतःचे आहेत आणि लोकांचे सगळ्यात लाडके. सज्जन पात्रांचे डोळे लांबट आणि बारीक, राक्षसी किंवा रागीट माणसाचे गोल बटबटीत, एवढं कळलं की निम्मं चित्र वाचता येतं.

काम कसं चालतं ते पण दाखवतात. सुती कापडाला तांदळाची खळ देऊन उन्हात वाळवायचं आणि मग मोठ्या कवडीने घासघासून गुळगुळीत करायचं, त्या घासण्याचा आवाज अजून कानात आहे. मुख्य कलाकार रेषा काढतो, रंग भरायला घरातली बाकीची मंडळी, त्यात बायका खूप. चित्रावर एकट्याची सही ही तिकडे अलीकडची गोष्ट. न्योमान मांद्रा हे तिथले मोठे चित्रकार, त्यांनी गावातल्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं म्हणून आज हे काम टिकून आहे, ते २०१८ मध्ये गेले. मांगकु मुरियाती ह्या बाई पण तिथल्याच, आणि त्या स्वतः चित्रं काढतात, नुसता रंग भरत नाहीत.

आणि तिथवर जाल तर क्लुंगकुंग गावातला केर्ता गोसा मंडप बघाच, दहा मिनिटांवर आहे. राजाचं न्यायालय होतं, आणि आरोपी बसायचा त्याच्या डोक्यावर पूर्ण छतभर ह्याच शैलीतली चित्रं, भीम आपल्या बापाला आणि सावत्र आईला, म्हणजे पांडू आणि माद्रीला, सोडवायला नरकात जातो ती कथा, कुठल्या पापाला काय शिक्षा ते सगळं रंगवलेलं. सगळ्यात खालच्या पट्टीत तंत्रीच्या गोष्टी आहेत, म्हणजे आपल्या पंचतंत्राची नातेवाईकच. १९०८ साली डच सैन्यासमोर इथला राजा आणि त्याची माणसं शरण न जाता चालत गेली आणि मेली, राजवाडा बहुतेक जळून गेला, त्यातून हे मंडप आणि एक दरवाजा उरला. छतावरची चित्रं नंतर पुन्हा रंगवलेली आहेत, आणि रंगवणारे कमासानचेच. मान वर करून बघावं लागतं, तर आईंना बसायला पायरी आहे तिथे बसवा आणि घाई करू नका.

येवल्याची_लेक
बाप रे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. आईला सगळं वाचून दाखवलं, जालन्याचं ऐकून ती दोन मिनिटं गप्पच बसली आणि मग म्हणाली ह्या लोकांना विचार सूत कोण कातं. पाच गावांचा दिवस रद्द केलाय. आता थोड्या व्यवहारातल्या शंका. चढ किती आहे? किंमत किती? आणि आई शाकाहारी, तिकडे काय खाईल? जूनमध्ये तिथे कसलासा उत्सव असतो म्हणे, गर्दी असेल का?

ताणाबाणा
आईंना सांगा सूत पूर्वी गावातच कातायचे, आता कापूस आणि कातलेलं सूत बरंचसं नुसा पेनिदाहून येतं, आणि गिरणीचं सूत गरिंगसिंगला चालत नाही.

चढ अगदी हलका. गाव म्हणजे एकमेकांना समांतर लांब रुंद गल्ल्या, डोंगराकडून समुद्राकडे उतरत जाणाऱ्या, दगड बसवलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या, मधे सभामंडप आणि धान्याची कोठारं. मोटारी बाहेरच थांबतात, दाराशी वहीत नाव लिहून देणगी द्यायची. आत कोंबडे टोपल्यांत ठेवलेले दिसतील, काही वेळा गुलाबी-हिरव्या रंगात रंगवलेले, आई विचारतील म्हणून आधीच सांगून ठेवते, झुंजीचे असतात. सकाळी नऊच्या सुमाराला पोचा, अकरानंतर ऊन आणि बसगाड्या दोन्ही वाढतात.

किंमत. खरं गरिंगसिंग अरुंद पट्टा असला तरी लाखांत रुपिया, मोठं आणि गडद असेल तर कोटीच्या पुढे, म्हणजे दहा-वीस मिलियन आणि वर. घाबरू नका, हजार रुपिया म्हणजे आपले पाच-साडेपाच रुपये, पण तरी स्वस्त नाही आणि असूही नये, तीन वर्षांचं काम आहे. तिथे घासाघीस अगदी थोडी करा. पाचशे-हजार रुपयांत गरिंगसिंग म्हणून कुणी दिलं तर ते छापील किंवा बाहेरचं साधं इकत असतं, त्यात काही गैर नाही पण तसं माहीत असून घ्या. ओळखायचं कसं, तर आईंना विचारा! कापड उलटं करा, दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या पाहिजेत, आणि नक्षीच्या कडा किंचित थरथरलेल्या, अगदी रेघ मारल्यासारख्या नाहीत. वास घेतला तर तेलाचा हलका वास असतो, नव्या कापडाला तर चांगलाच.

एवढे पैसे घालायचे नसतील तर तिथलीच ताडपत्रावरची चित्रं घ्या, सुरीच्या टोकाने कोरतात आणि मग जाळलेल्या केमिरीची काजळी चोळून पुसतात, रेघा काळ्या उमटतात. आपल्या पोथ्यांसारखं दोऱ्यात ओवलेलं असतं आणि लिपी बालीची. ह्या ताडपत्रांना लाँटार म्हणतात, तो शब्दच मुळात ताल, म्हणजे ताडावरून आलाय. शिवाय 'आता' नावाच्या वेलाच्या टोपल्या, विणून झाल्यावर उन्हात वाळवतात आणि नारळाच्या सोडणांचा धूर देतात, वर्षानुवर्षं टिकतात, माझी सात वर्षं भाजीला वापरतेय.

उत्सव म्हणजे उसाबा सांबाह, त्यांच्या पंचांगातला पाचवा महिना, आपल्या हिशेबाने साधारण मे-जून. तारीख दरवर्षी बदलते, चांदिदासाच्या हॉटेलला मेल करून विचारा. त्यात तरुण पोरं काटेरी केवड्याच्या जातीच्या पानांच्या जुड्या घेऊन एकमेकांशी लढतात, हातात वेताची ढाल, पाठीवर रक्त येतं, ते इंद्रासाठी, आणि नंतर हळदीचा वगैरे लेप एकमेकांनाच लावतात. मुली गरिंगसिंग नेसून उंच लाकडी पाळण्यांत बसतात. त्या दिवशी गर्दी प्रचंड, विणकाम बंद. आईंना माग बघायचा असेल तर तो दिवस सोडून जा, किंवा दोन दिवस ठेवा.

खाण्याचं, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, भात, गादो-गादो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) मिळतं, पण चटण्या-भाज्यांत तेरासी म्हणजे कोळंबीची पेस्ट असते, ती नको असं प्रत्येक ठिकाणी सांगा. रस्त्यात, पायरीवर फुलांचे छोटे द्रोण ठेवलेले असतात त्यावर पाय पडू देऊ नका. भेटल्यावर हात जोडून ओम स्वस्त्यस्तु म्हणा आणि आभार मानायला सुक्स्मा, आईंना दोन्ही शब्द पाठ करावे लागणार नाहीत.

सातवीण
लाकडाचं थोडं लिहू का. मासला जाणार असाल तर एक बघा, तिथले देवळातले, नाचातले पवित्र मुखवटे ज्या लाकडाचे करतात त्याला पुले म्हणतात आणि ते आपलं सातवीण आहे, पुण्यात रस्त्याकडेला ऑक्टोबरमध्ये ज्याचा उग्र वास सुटतो ते. आपल्याकडे लोक त्या झाडाला भुताचं म्हणून घाबरतात, तिकडे ते देवाचं. बऱ्याचदा अख्खं झाड न पाडता उभ्या झाडाचा तुकडा काढतात, आधी दिवस बघून नैवेद्य दाखवून. मास गावातलं मोठं देऊळ पुरा तामान पुले हे ह्याच झाडाच्या नावाचं. मासचे इदा बागुस न्याना आणि त्यांचा मुलगा इदा बागुस तिलेम ह्यांची कामं उबुदच्या म्युझियममध्ये बघितली तर गावात बघायला डोळा तयार होतो, लाकडाचा मूळ आकार तसाच ठेवून त्यातूनच माणूस काढलेला.

घेताना एकच काळजी, बालीची हवा दमट आणि आपल्याकडे घाटावर कोरडी, ओल्या लाकडाची मूर्ती नाशिक-पुण्यात आली की पहिल्याच उन्हाळ्यात तडकते. माझी एक हाताएवढी सरस्वती अशीच मानेत तडकली. लाकूड किती दिवस वाळवलंय ते विचारा, जड लागलं तर सोडा. आणि चंदन म्हणून विकतात त्यातलं पुष्कळसं साधं लाकूड तेल लावलेलं असतं, नखाने आत खरवडून वास घ्या. कासवाचं कवच, पोवळं, हस्तिदंत ह्यांच्या वस्तूंना हात लावू नका, कायद्याने बंदी आहे आणि तसंही नकोच.

येवल्याची_लेक
परत आलो. ताणाबाणा, तुमच्यासाठीच लिहितेय. चांदिदासाला दोन रात्री राहिलो आणि दोन्ही सकाळी तेंगानानला गेलो. लढाई होऊन गेली होती पण पाळणे उभे होते. दुसऱ्या गल्लीत एका घरात साधारण आईच्याच वयाच्या आजी विणत होत्या, आईने हात जोडले, शेजारी खाली बसायची खूण केली आणि मग गुडघे दुखतायत म्हटल्यावर त्यांच्या नातीने पाट आणून दिला. दोन तास. आईने सुताच्या गाठी मोजल्या, बोटांनी दाखवलं की आमच्याकडे जरीची तार असते, आम्ही पायाने दाबतो, आजींनी कमरेचा पट्टा सोडून आईच्या पाठीला लावून बघितला. आई मागे रेलली तर ताणा एवढा ताणला की आजी ओरडल्याच, आणि हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुढे आणलं. मग असं चार-पाच वेळा, पुढे, मागे, पुढे, मागे.

मोबाईलमध्ये मामाचा मागावरचा व्हिडिओ होता तो दाखवला तर घरातले सगळे जमले, आणि आजींनी तो तीनदा बघितला, धोटा (आडवा धागा नेणारा) जातो तिथे प्रत्येक वेळी थांबवायला सांगितलं. आम्ही एक अरुंद पट्टा घेतला, लाल-काळा, त्यावर विंचवाची नक्षी आहे, लुबेंग म्हणतात. किंमत आईने स्वतः विचारली आणि एक रुपियासुद्धा कमी करून मागितला नाही, मला पण मागू दिला नाही. पुढच्या महिन्यात येवल्याला घेऊन जाणार आहे ती, मामाला दाखवायला.

कमासानला पण गेलो, कुडाळकर, देलेम आणि सांगुत पाठ झालेत. मासचं राहिलं.